बक, ब्राइट आणि डावीकडचा माणूस

न्यू कॉरिन्थच्या कचेरीसमोर, चौकाच्या बरोब्बर मधोमध, कमरेएवढ्या उंचीचा एक दगड आहे. त्या दगडाला गावात देवापेक्षा जरा जास्तच मान आहे, कारण देवासमोर लोक फक्त रविवारी टोपी काढतात. दगडावर पितळी पाटी आहे. १८२२ साली याच जागी ईश्वरी संकेताने बैलांनी गुडघे टेकले आणि म्हणून हे गाव वसलं, असं तिच्यावर कोरलंय. खाली सात थोर गृहस्थांची नावं. त्यांच्याखाली दोन्ही बैलांची नावं: बक आणि ब्राइट.

केझाया टोलिव्हरने ही पाटी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा ती चौथीत होती, आणि ब्राइटचा मागचा भाग होती.

म्हणजे असं, की दरवर्षी ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी गावात स्थापना दिन असतो. त्या दिवशी तो सगळा प्रसंग चौकात करून दाखवतात. गावचे दातांचे डॉक्टर मिस्टर व्हर्नन खोटी दाढी चिकटवून कर्नल होतात, सहा दुकानदार बाकीचे सहा गृहस्थ होतात आणि शाळेतली चार पोरं दोन कापडी बैलांत शिरतात. कापडी बैलात शिरण्याचा मान का कोण जाणे नेहमी कचेरीमागच्या वस्तीतल्या काळ्या मुलांनाच मिळतो. त्यातही पुढच्या भागाला निदान हवा तरी लागते. मागच्या भागाला इतिहास म्हणून जे दिसतं ते सांगण्यासारखं नसतं. केझायाला त्या वर्षी आधी दिसली पुढच्या पोराची चड्डी, आणि गुडघे टेकल्यावर, कापडाच्या भोकातून, ती पाटी. सात नावं तिने वाचली. बक वाचलं. ब्राइट वाचलं. मग तिला प्रश्न पडला.

"मग गाडी कोण हाकत होतं?" तिने बैलाच्या आतूनच विचारलं.

"गप बस, शेपूट," पुढचा भाग म्हणाला.

ती गप्प बसली. पण चौथीत. आता ती अकरावीत होती, वसंतात शाळेची वक्तृत्व स्पर्धा जिंकली होती, आणि तेव्हापासून तिला गप्प बसवणं हे टोलिव्हरांच्या घरात कुणालाच जमलेलं नव्हतं.

गावची गोष्ट थोडक्यात अशी. अलाबामा राज्य तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं होतं. काउंटीचं दप्तर, म्हणजे जमिनींचे कागद, लग्नांचे कागद आणि कोर्टाचा शिक्का, असं सगळं एका लोखंडी पट्ट्यांच्या पेटीत होतं, आणि पेटी होती नदीकाठच्या हॅचेट फेरी या गावात. जिथे पेटी तिथे कचेरी, आणि जिथे कचेरी तिथे दुकानं, वकील, रस्ते, सगळंच. सात गृहस्थांच्या जमिनी मात्र होत्या वर टेकड्यांकडे. तेव्हा एका रविवारी भर दुपारी, अख्खं हॅचेट फेरी बाप्तिस्म्यासाठी नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं असताना, या सात जणांनी पेटी उचलून बैलगाडीत घातली आणि पोबारा केला. याला हॅचेट फेरीत चोरी म्हणतात. न्यू कॉरिन्थमध्ये याला स्थापना म्हणतात.

पेटी पळवली खरी, पण ठेवायची कुठे यावर सातांचं एकमत होईना. प्रत्येकाला ती आपल्याच शेताच्या बांधाला लागून हवी होती. नऊ मैल ते भांडत भांडत आले. आणि एका टेकडीवर बैलांनी अचानक गुडघे टेकले. सगळे गृहस्थ धार्मिक होते, शिवाय दमलेले होते. "देवाची खूण!" असं कर्नल ओरडला आणि पेटी तिथंच उतरली.

टोलिव्हरांच्या घरी ही गोष्ट वेगळी सांगतात.

"त्या दुपारी देवाला बैल बसवण्याखेरीज दुसरं काही काम नव्हतं का?" केझायाचे आजोबा, पापा लू, व्हरांड्यात शेंगा सोलत म्हणायचे. "तिकडे नदीत एवढी माणसं भिजत उभी होती, त्यांच्याकडे बघायचं सोडून?"

"मग कुणी बसवले?" केझायाला उत्तर पाठ होतं. तरी ती विचारायची, कारण विचारल्याशिवाय ते पुढे जायचे नाहीत.

"आयसमने. तुझ्या आजीच्या बाजूचा नव्हे, माझ्या बाजूचा. माझ्या पणजोबांचा बाप. कर्नलचा गुलाम, कर्नलचे बैल हाकायचा. बायको त्याची, व्हाइनी, ती त्याच टेकडीवर, पण दुसऱ्या मालकाकडे. नऊ मैल. पंधरा दिवसांतून एकदा, मालकाने चिठ्ठी दिली तर, चालत जायचा आणि चालत यायचा. खोंड होते तेव्हापासून त्या बैलांना त्यानेच शिकवलं होतं. एक शब्द म्हटला की बसायचे. तर तो म्हणाला शब्द, बायकोच्या दारापासून हाकेच्या अंतरावर."

"आणि पुढे?"

"पुढे काय! कचेरी बांधायला विटा लागल्या. विटांना गाडी लागली. गाडीला आयसम लागला. चार वर्षं चाललं बांधकाम. चार वर्षं तो रोज संध्याकाळी बायकोच्या हातचं जेवला, केझ. सात मोठ्या माणसांना वाटत राहिलं की देवाने गाव वसवलं."

"कोणता शब्द होता तो?"

"ते त्याने कुणाला सांगितलं नाही. आणि बैल तर काय, तोंडाचे पक्के."

कचेरीच्या मागच्या भिंतीत, खालून सहाव्या रांगेत, एक वीट आहे. तिच्यावर ओल्या मातीत उमटलेली चार बोटं आहेत. लहानपणी पापा लू केझायाचा हात धरून तिची बोटं त्या खड्ड्यांत ठेवायचे. ती बोटं आयसमचीच आहेत याला काही आधार नव्हता. पण विटेला नको म्हणायला तोंड नव्हतं.

तर, या वर्षी गावाला दोनशे वर्षं होणार होती. न्यू कॉरिन्थ इतिहास मंडळाच्या अध्यक्षा मिस ऑगस्टा हारग्रोव्ह यांनी जाहीर केलं की आता कापडी बैल बंद, खरे बैल आणायचे. मिस ऑगस्टा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गावातल्या प्रत्येक खांबाला कोण कधी टेकलं होतं हे त्यांना माहीत. स्थापना दिनाच्या माइकवर गेली एकतीस वर्षं त्यांच्याशिवाय कुणी बोललेलं नव्हतं, आणि एकदा पाळकाने प्रार्थनेसाठी तो मागितला तेव्हा त्यालाही माइकशिवाय, वर देवाशी थेट बोलायला सांगितलं गेलं होतं.

आता खरे बैल म्हणजे जू ओढायला शिकलेले, आणि ते अख्ख्या काउंटीत एकाच माणसाकडे होते. पापा लूंनी हौसेने पाळलेली जोडी: मोझेस आणि फेरो. मोझेस साधा. फेरो नावाला जागणारा, म्हणजे बायबलातल्या त्या मिसरी राजासारखा, कितीही संकटं कोसळली तरी ऐकायचंच नाही असं ठरवलेला.

जूनच्या एका दुपारी मिस ऑगस्टा केक घेऊन टोलिव्हरांच्या व्हरांड्यात आल्या. केक असा पिवळाधमक की बघूनच पोट भरावं.

"लुशस," त्या झुल्यावर टेकत म्हणाल्या, "गावाला तुझे बैल हवेत."

"गावाला द्यायचे तर देऊ की, मिस ऑगस्टा," पापा लू म्हणाले.

दोघांत चार वर्षांचं अंतर. ती म्हणणार लुशस, हे म्हणणार मिस ऑगस्टा. केझायाने गोड चहाचा थंडगार पेला पुढे केला आणि वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखा खाकरून घसा साफ केला.

"मिस ऑगस्टा, या वर्षी गाडी हाकणाऱ्याचं नावही घ्या ना. आयसम टोलिव्हर."

"अगं लाडके, काही पुरावा आहे का त्याला?"

"सात गृहस्थांना आहे?"

"१८७०च्या आगीत सगळं दप्तर जळलं, तुला ठाऊकच आहे."

"मग त्यांची नावं कुठून आली?"

"ती सगळ्यांना माहीत होती ना."

"आमच्याकडेही सगळ्यांना माहीत आहे."

"तुमच्याकडे, म्हणजे घरातल्या घरात." मिस ऑगस्टा इतकं गोड हसल्या की चहात साखर नसती तरी चाललं असतं. "इतिहास म्हणजे घरातल्या गप्पा नव्हेत, लाडके."

"आणि बकचा पुरावा? ब्राइटचा? त्यांनी सही केली होती का कुठे?"

मिस ऑगस्टांनी पेला खाली ठेवला. "लुशस, नात हुशार आहे तुझी," त्या म्हणाल्या. सूर असा, की यंदा डास फार झालेत.

"केझ," पापा लूंनी एक बोट वर केलं. जेवणाच्या टेबलावर तिला थांबवायला ते हेच बोट वापरतात. ती थांबली.

पण नुसती तोंडाने थांबली. त्याच आठवड्यात तिने मंडळाला तीन पानी पत्र लिहिलं. आयसम, व्हाइनी, नऊ मैल, विटा, सगळं. त्यात दोन ठिकाणी 'निर्लज्ज' हा शब्द होता, तो आईने खोडायला लावला. तीन आठवड्यांनी सुंदर छापील कागदावर उत्तर आलं. मंडळाने तिच्या भावनांचा अत्यंत जिव्हाळ्याने विचार केला होता. कागदोपत्री आधार नसलेल्या नावांना कार्यक्रमात जागा नव्हती. मात्र केझायाने डोक्याला फडकं बांधून, एप्रन घालून, त्या काळातली सेविका म्हणून बैलांसोबत चालावं, ती फार गोड दिसेल. शिवाय 'ईश्वराच्या इच्छेने' हे शब्द माइकवर आले की बैलांनी गुडघे टेकावेत, एवढं तिने त्यांना शिकवून ठेवावं.

"मी जाणार नाही," केझाया म्हणाली. "आणि बैलही जाणार नाहीत. त्यांना म्हणावं, परत घाला पोरांना कापडात."

"मी शब्द दिलाय," पापा लू म्हणाले. "बैल जाणार."

"पण पापा लू, त्यांनी बैलांची नावं लिहिलीत! बैलांची!"

"वाचता येतं मला. साठ वर्षं वाचतोय ती पाटी. आणि याच गावात राहायचंय मला. बैल जाणार म्हणजे जाणार."

ती तणतणत कुरणात गेली. मोझेस रवंथ करत होता. फेरो कुंपणाच्या खांबाला अंग घासत होता, खांब पडायला आला होता. केझायाने कागद पुन्हा वाचला. बैलांना तिने शिकवावं, असं मंडळाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. आणि मग तिच्या डोक्यात जे आलं ते इतकं झकास होतं की ती तिथल्या तिथे, एकटीच, मोठ्यांदा हसली. मोझेसने रवंथ थांबवून तिच्याकडे बघितलं.

आयसमने शब्द शिकवला होता. ती नाव शिकवणार होती. आयसमचंच.

दुसऱ्या दिवसापासून, पापा लू दुपारी डुलकी काढायला गेले की ती रताळ्याच्या फोडी खिशात भरून लांबच्या कुरणात जायची. बैलाच्या पुढच्या गुडघ्यामागे काठीने हलकेच टेकवायचं, "आयसम!" म्हणायचं, आणि रताळं जमिनीलगत धरायचं. मोझेस चार दिवसांत शिकला. फेरोला पाच आठवडे लागले. पहिले तीन आठवडे तो रताळं खायचा आणि चालू लागायचा. चौथ्या आठवड्यात तो गुडघे टेकायला लागला, पण कशावरही: ढग आला तरी, तिला शिंक आली तरी. मग तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. सप्टेंबर संपता संपता ती कुरणाच्या टोकाला उभी राहून ओरडायची, "ईश्वराच्या इच्छेने!" बैल ढिम्म. "कर्नल!" ढिम्म. "फेरो, तुझ्या बापाचं कुरण आहे का हे!" ढिम्म. आणि मग, अगदी साध्या आवाजात, "आयसम." दोघेही एकदम खाली.

"रताळी फार लवकर संपताहेत यंदा," एके दिवशी पापा लू म्हणाले.

"घूस असेल."

"असेल. चांगली पाच फुटी दिसते."

आणि ते पुन्हा शेंगा सोलायला लागले.

तिने स्वतःला एकच अट घातली होती. त्या दिवशी ते नाव ती उच्चारणार नव्हती. तिने उच्चारलं असतं तर बैल बसले असते, टाळ्या पडल्या असत्या आणि पाटीसमोरून लोक पुन्हा तशीच टोपी काढून गेले असते. नाव यायला हवं होतं माइकमधून. मिस ऑगस्टांच्या तोंडून. नाहीतर नाही.

स्थापना दिनाला चौकात उभं राहायला जागा नव्हती. एका कोपऱ्यात उकडलेल्या शेंगांची भली मोठी कढई, दुसऱ्या कोपऱ्यात तळलेले मासे, शाळेचा बँड, आणि व्यासपीठावर राजधानीहून आलेले कुणी एक साहेब, ज्यांना हे कुठलं गाव आहे हे चिठ्ठी बघून आठवावं लागत होतं. हॅचेट फेरीवाले दरवर्षीप्रमाणे डाव्या अंगाला जमले होते. ते येतात ते फक्त हुर्यो करायला. यंदा त्यांनी 'आमची पेटी द्या' असे फलक आणले होते, आणि त्यांच्या पुढे होती मिस जो नेल, जिचा आवाज नदीच्या पलीकडे बोटींना ऐकू जातो असं म्हणतात.

केझाया बैलांच्या डावीकडून चालत आली. एप्रन तिने घातला होता. डोक्याचं फडकं मात्र फेरोच्या शिंगाला बांधलं होतं.

"लाडके, फडकं!" मिस ऑगस्टा माइकवरून कुजबुजल्या.

"तो जास्त गोड दिसतो, मिस ऑगस्टा!"

गाडीत डॉक्टर व्हर्नन कर्नल होऊन पेटीवर एक पाय ठेवून उभे होते. उन्हाने दाढीचा डिंक सुटला होता, म्हणून एक हात हनुवटीला. दगडापाशी गाडी थांबली. बँड थांबला. मिस ऑगस्टांनी कागद डोळ्यांसमोर धरला. आवाज थरथरवावा तो त्यांनीच.

"आणि याच पवित्र भूमीवर, ईश्वराच्या इच्छेने, त्या मुक्या जनावरांनी गुडघे टेकले!"

मुकी जनावरं उभी राहिली.

"ईश्वराच्या इच्छेने," मिस ऑगस्टा पुन्हा म्हणाल्या, "गुडघे टेकले!"

फेरोने शेपूट उचललं आणि इतिहासाच्या पायाशी, पाटीपासून वीतभर अंतरावर, ताजं शेण टाकलं.

हॅचेट फेरीवाल्यांनी जो जल्लोष केला तो त्यांच्या फुटबॉल संघाने कधी ऐकला नसेल. "शाब्बास रे पठ्ठ्या!" मिस जो नेल गरजली. "दोनशे वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं!"

"ईश्वराच्या!" मिस ऑगस्टा. "इच्छेने!"

काही नाही. न्यू कॉरिन्थवाले आता चुळबुळायला लागले, आणि मग त्यांना हसायला कुणीतरी हवं होतं, ते त्यांना सापडलं.

"लुशस, बैल शिकवलेत की बहिरे आणलेत?"

"अरे त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, बैलांचं काय घेऊन बसलास!"

पापा लू पहिल्या रांगेत घडीच्या खुर्चीवर बसले होते. चर्चचा काळा सूट, टोपी मांडीवर, टोपीवर दोन्ही हात. आयुष्यभर या माणसाने एकच गोष्ट मिरवली होती, की आपल्या हातचं जनावर कधी चुकत नाही. केझायाने त्यांच्याकडे बघितलं. झकास कल्पनेत हे कुठे नव्हतं. लोक आपल्यावर हसतील, मिस ऑगस्टा चिडतील, हे सगळं तिने धरलं होतं. पापा लूंवर हसतील हे नाही. मागून आणखी कुणीतरी काहीतरी ओरडलं, आणखी हशा झाला. तिने तोंड उघडलं. एक शब्द, आणि सगळं मिटलं असतं.

पापा लूंनी एक बोट वर केलं.

ती थांबली. मग त्यांनी सावकाश सूटच्या आतल्या खिशात हात घातला, रताळ्याची एक फोड काढली, ती उलटसुलट करून बघितली, आणि अख्ख्या गावासमोर, हशा चालू असताना, शांतपणे खाल्ली.

त्यांना माहीत होतं! उन्हाळाभर!

केझायाने तोंड मिटलं आणि पाठ अशी ताठ केली की एप्रनची गाठ सुटली.

मिस ऑगस्टा व्यासपीठावरून उतरून तरातरा दगडापाशी आल्या. माइक त्यांच्या हातातच होता, आणि चालू होता. त्यांना ते ठाऊक होतं की नव्हतं याबद्दल गावात आजही दोन तट आहेत.

"काय चाललंय हे?" त्या दातांतून म्हणाल्या आणि ते दोन्ही गावांनी ऐकलं. "बैल का बसत नाहीत?"

"ते देवाला नाही बसत, मिस ऑगस्टा. एका नावाला बसतात."

"कुणाच्या?"

"तुम्हाला तीन पानं लिहिली होती मी."

"मग घे ना ते नाव तू आणि मोकळी हो!"

"मला कागदोपत्री आधार नाही. मी तर सेविका आहे."

"अय्यो!" मिस जो नेल ओरडली. "पोरीने पकडलं हो! नाव घ्या, ऑगस्टा! नाव!"

"नाव! नाव!" हॅचेट फेरीवाल्यांनी ठेका धरला. नेमकं कुणाचं नाव आणि कशाला, हे त्यांना माहीत नव्हतं. पण न्यू कॉरिन्थला त्याचा त्रास होतोय एवढं त्यांना पुरेसं होतं. राजधानीच्या साहेबांनी घड्याळ बघितलं. डॉक्टर व्हर्नननी दाढी सोडून दिली, ती गळून पेटीवर पडली.

मिस ऑगस्टांनी पाटीकडे बघितलं. सात नावं, दोन बैल. ही पाटी त्या दर शुक्रवारी स्वतःच्या हाताने घासतात. मग त्यांनी केझायाकडे बघितलं, आणि केझायाच्या खांद्यावरून पापा लूंकडे. ते रताळं चावत होते.

"आयसम," त्या पुटपुटल्या.

मोझेसचा एक कान हलला.

"फेरो जरा कमी ऐकतो," केझाया म्हणाली. "माइकमधून घ्या."

मिस ऑगस्टांनी मान ताठ केली. काहीही झालं तरी एकतीस वर्षांचा माइक होता तो. त्यांनी तो तोंडाजवळ धरला आणि चौकातल्या शेवटच्या शेंगवाल्यापर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आयसम टोलिव्हर!"

दोन्ही बैल असे धाडकन खाली गेले की जू पुढे कललं, गाडी पुढे कलली, आणि कर्नल व्हर्नन पेटीसकट फेरोच्या पाठीवरून घरंगळत सरळ शेणात. पेटी उघडली. तिच्यात काउंटीचं दप्तर नव्हतं. डॉक्टरांचा तळलेल्या कोंबडीचा डबा होता.

मग कचेरीमागच्या वस्तीतले सगळे एकदम उभे राहिले. केझायाची आई खुर्चीवर चढली. "कुणाचं नाव ते?" न्यू कॉरिन्थवाले एकमेकांना विचारू लागले, आणि ज्यांना माहीत होतं ते सांगू लागले. गाडी हाकणारा. अरे, बैलांना शिकवलं होतं त्याने! बायकोसाठी! "म्हणजे बायकोच्या घरी जेवायला म्हणून हे गाव वसलं?" राजधानीचे साहेब म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

कार्यक्रम पुढे सरकवायचा तर बैल उठायला हवे होते. ते उठले. आणि मिस जो नेल, जिच्या डोक्यात तोवर लख्ख उजेड पडला होता, दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडली, "आयसम!"

बैल खाली.

उठले. "आयसम!" आता अख्खं हॅचेट फेरी. पुन्हा खाली. मिरवणूक दगडापाशी अडकली ती अडकलीच. त्यामागे बँड, बँडमागे अग्निशमन दलाची गाडी, तिच्यामागे भोपळ्यांची राणी होऊन बसलेली, ऊन लागून रडकुंडीला आलेली शाळेतली एक पोरगी. हॅचेट फेरीच्या लोकांनी दोनशे वर्षांचा सूड दोन तासांत उगवला. पेटीचा तर त्यांना साफ विसर पडला. त्या दुपारी न्यू कॉरिन्थच्या चौकात जेवढ्या वेळा आयसमचं नाव घेतलं गेलं, तेवढ्या वेळा गेल्या दोनशे वर्षांत सगळ्या टोलिव्हरांनी मिळून घेतलं नसेल. केझायाचे रताळ्यांचे दोन्ही खिसे रिकामे झाले.

"उन्हाळाभर माहीत होतं ना तुम्हाला?" घरी जाताना तिने विचारलं.

"बैल माझे आहेत," पापा लू म्हणाले. "सकाळी त्यांना चारा घालताना मी गोष्ट सांगत असतो. एका सकाळी दोघेही एकदम पाया पडले. मला वाटलं, माझी वेळ आली."

"मग मला थांबवलं का नाहीत?"

"मी शब्द दिला होता बैल नेण्याचा. बसवण्याचा नाही." थोडं चालून ते म्हणाले, "पण तुझं तोंड उघडलं होतं तिथं. बघितलं मी."

"तुमच्यावर हसत होते."

"हसू दे. आयसमला तर टेकडीवर सात जणांसमोर गंभीर चेहरा करून उभं राहावं लागलं असेल. त्यापेक्षा सोपं होतं."

मंगळवारी दुपारी मिस ऑगस्टा पुन्हा आल्या. या वेळी केक दोन थरांचा होता, म्हणजे मामला गंभीर. त्या झुल्यावर बसल्या नाहीत. पायरीशी उभ्या राहिल्या.

"मिस्टर टोलिव्हर," त्या म्हणाल्या. पापा लूंनी मागे वळून बघितलं, आणखी कुणी मिस्टर टोलिव्हर आलाय की काय. "मंडळाची बैठक झाली. चार तास चालली. पाटीवर नाव घालायचं ठरलंय. फक्त जागेचा प्रश्न आहे. वर सात नावं दाटीवाटीने आहेत. जागा आहे ती फक्त तळाला. ब्राइटच्या खाली."

"बैलांच्या खाली?" केझाया ताडकन उठली. "मिस ऑगस्टा, पुन्हा बैलांच्या..."

बोट वर झालं. ती धुमसत बसली.

"मिस ऑगस्टा," पापा लू म्हणाले, "बैल हाकणारा माणूस कुठे चालतो, माहीत आहे तुम्हाला?"

"मागे?"

"मागे चालला तर बैल त्याचं कशाला ऐकतील? तो चालतो डावीकडे. डाव्या बैलाच्या खांद्याला खांदा लावून. शनिवारी केझ चालली होती, तसा."

मिस ऑगस्टांनी पर्समधून पाटीचा फोटो काढला, चष्मा लावला. बक आणि ब्राइट ही नावं मधोमध कोरलेली होती. त्यांच्या डाव्या अंगाला, पितळेच्या काठापर्यंत, चार बोटं जागा कोरी होती.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "दर शुक्रवारी पुसते मी ही जागा."

"सोडलीच असेल त्याच्यासाठी," पापा लू म्हणाले. "ईश्वराच्या इच्छेने."

मिस ऑगस्टा हसू दाबायला गेल्या आणि त्यांना ते जमलं नाही. झुल्यावर बसल्या. केझायाने केक कापला, सगळ्यांत जाड तुकडा स्वतःला घेतला.

"नाव कसं लिहायचं ते एकदा नीट सांग हं, लाडके," मिस ऑगस्टा पेन काढत म्हणाल्या. "तुझं पत्र मी, म्हणजे, कुठेतरी ठेवलंय. आयसम..."

कुंपणापलीकडे, कुरणात, दोन्ही बैलांनी गुडघे टेकले.